घरात मन रमतं का? पाचपैकी दोन

वाळूजच्या एका कारखान्यात मी माणसांचं खातं सांभाळते. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं, आणि भरती, रजा, भांडणं सगळं माझ्या टेबलावर येतं. गेल्या वर्षी वरून फर्मान निघालं, कामगारांचं मन कामात किती रमतं आणि घरात किती रमतं ते मोजा. एक पानी फॉर्म, दोन रकाने, पाचपैकी मार्क. कुठल्याही रकान्यात तीनपेक्षा कमी असले तर त्याला यंदा पर्मनंट करायचं नाही. मनाला कसली फूटपट्टी लावता, म्हणून मी चहाच्या वेळी बरीच बडबडले. फॉर्म मात्र मुकाट्यानं वाटले.

सगळे भरून आले. पाच-पाच, पाच-पाच! बायकोशी महिनाभर अबोला धरलेल्यानंसुद्धा घराला पाच ठोकले होते. मी तरी काय, पार्किंगमध्ये स्कुटीवर बसून अर्ध्या मिनिटात पाच-पाच भरून मोकळी झाले होते.

एकच फॉर्म वेगळा होता, तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईचा. सहा वर्षं कंत्राटावर काढलेली, यंदा पर्मनंट व्हायला पहिला नंबर तिचाच. तिच्या फॉर्मवर कामाला पाच आणि घराला दोन. मी कपाळावर हात मारला आणि तिला बोलावून घेतलं.

"अगं, घराला दोन? स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास!"

"मी कुठं दिले मॅडम? आत्याबाईंनी दिलेत, माझ्या सासूनं."

"आणि कामाचे?"

"ज्या मशीनचा माल माझ्याकडं येतो, तिथल्या दादांनी."

उलट तीच मला समजावायला लागली, "ज्यानं माल बनवला त्यानं तो पास करायचा नसतो ना? मंग माझे मार्क मी कशी देणार?" हा आमच्या कारखान्यातल्या तपासणीचाच नियम, फॉर्मवर तो कुठंच नव्हता. आणि मार्क मागायला गेली कुणाकडं, तर ज्याचे पीस आठवडाभर तिनं नापास करून लाल पेटीत टाकले होते त्याच्याकडं! त्यानंही पाच दिले. दोघांचीही कमाल वाटली मला.

"नवा फॉर्म देते, तूच भर. कुणाला कळतंय?"

"नाय मॅडम. बदलायचं तर ज्यानं तपासलं त्यानंच बदलावं."

लई संताप आला मला. सहा वर्षं वाट बघितली आणि आता ही नियम सांगते! पण बोलताना तिचे डोळे भरून आले होते, पर्मनंट होणं तिला किती हवं होतं ते दिसत होतं. सुटी झाल्यावर मी तिला स्कुटीवर मागं बसवलं आणि थेट बजाजनगर गाठलं.

सासूबाई दारातच बसल्या होत्या. चपला काढायच्या आधीच मी सुरू झाले, "मावशी, सून एवढी राबते आणि तुम्ही दोन मार्क देता?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "राबण्याचं इचारलं असतं तर पाच दिले असते बाई. नातीकडून वाचून घेतलं मी, तुमच्या कागदात रमण्याचं लिव्हलंय. ही पहाटं उठून चार डबे करती, ड्युटी करती, आली की पुन्हा गॅसपाशी. माझं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला कशाला हात लावू देत नाय. उभ्यानं जेवती. माझ्याजवळ बसून दोन शब्द बोलली त्याला वर्ष झालं. मंग रमती कधी?"

मी चपला काढून त्यांच्यासमोर बसले. एवढ्या फॉर्मांत प्रश्न नीट समजून घेतला तो या बाईनं, आणि मी तिच्यावर डाफरायला आले होते.

मग मी खरं काय ते सांगितलं, या दोन मार्कांपायी सून यंदा पर्मनंट होत नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला. "अगं बाई! असं असतंय व्हय?" सुनेकडं वळून म्हणाल्या, "तुला पाहिजे का गं पक्की नोकरी?"

"व्हय आत्याबाई. लई."

त्यांनी माझ्याकडून फॉर्म आणि पेन घेतलं, दोनवर काट मारली आणि शेजारी पाच काढला. सून पुढं झाली आणि तिनं कागदावर हात ठेवला. मला ओरडावंसं वाटलं, गप बस गं!

"खोटं नका लिहू आत्याबाई. दोनाचे पाच असे बसल्या जागी होत नसतात."

"खोटं कशापाई?" सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "सकाळचे डबे उद्यापासून मी करीन. आत्ताच्या भाकरी मीच टाकते. तू हातपाय धू, माझ्याजवळ बस आन् बोल कायतरी."

फॉर्म मी पर्समध्ये ठेवला. दोन आठवड्यांनी यादी लागली, तिचं नाव होतं. फॉर्म बदलला त्या संध्याकाळी मात्र ती हातपाय धुऊन आली आणि ओट्याला टेकून खाली बसली. सासूबाईंनी पहिली भाकरी तव्यावर टाकली तशी तिला एकदम हुंदका फुटला. म्हणाली, "आत्याबाई, माझे पाय लई दुखत्यात."