मसणवाटेवरची चिल्लर

आत्या गेल्याचा फोन मारोतीनं केला. मारोती म्हणजे अहमदपूरच्या स्मशानात सरण रचणारा माणूस. माझा नंबर त्याच्याकडे आहे हेही मला ठाऊक नव्हतं. "ताई, माय गेली," एवढंच म्हणाला. आत्याच्या दुकानाचं शटर आदल्या दिवसापासून अर्धं खाली होतं. समोरून माणसं जात-येत होती, पण कुणी वाकून पाहिलं नव्हतं. पाहिलं ते मारोतीनं.

कौसल्याआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा स्टँडकडून स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिनं राहत्या घरातच छोटं किराणा दुकान टाकलं आणि त्यावर सुनीलला, तिच्या एकुलत्या एका मुलाला, शिकवलं. गावातली प्रत्येक अंत्ययात्रा तिच्या दारावरून जायची. म्हातारं माणूस गेलेलं असलं की तिरडीवरून लाह्या, गुलाल आणि चिल्लर उधळतात. ती चिल्लर मारोतीची बायको मागून वेचत यायची. मारोतीचा पगार कधी वेळेवर व्हायचा नाही, त्यामुळे तेल-मीठ याच नाण्यांवर. पण ती घेणार कोण? हॉटेलवाला अंगावर फेकायचा. बँकेत गेलं तर धुऊन, निवडून आणा म्हणायचे, आणि निवडून नेली की आज मोजायला माणूस नाही. बाजारात चिल्लर घेणारा एक जण होता, तो शंभराचे ऐंशी हातावर ठेवायचा.

एकदा मारोती आत्याच्या दुकानासमोर येऊन नुसताच उभा राहिला. ती म्हणाली, "काय पाहिजे?"

"तेल. पण पैसे मसणातले हायेत माय. आधीच सांगायलो."

"खोटे हायेत का?"

"न्हाई."

"मग दे की."

तेव्हापासून दर रविवारी तो यायचा आणि आत्या त्याला शंभराचे शंभर द्यायची. ती नाणी ती चिंचेच्या पाण्यात घासायची, माळवदावर पोत्यावर वाळवायची आणि सकाळच्या गाड्यांच्या कंडक्टरांना सुट्टे म्हणून द्यायची. त्यांना सुट्ट्यांची कायम चणचण, ते आनंदानं नोटा देऊन जायचे. सुट्टीत मी तिच्याकडे गेले की आम्ही दोघी मोरीत बसून नाणी घासायचो. आधी काळा मळ निघायचा, मग पाणी गुलाबी व्हायचं. मी विचारलं होतं, "आत्या, तुला भ्या वाटत न्हाई?" ती म्हणाली, "मेलेलं माणूस काय करतंय पोरी? करतंय ते जितं माणूस."

शेजारच्या शेवंताबाईंचा नातू पावसाळ्यात तापानं गेला. चार वर्षांचं पोर. रोज आत्याकडून गोळ्या न्यायचं, आणि गल्ल्यात हात घातला तरी ती त्याला रागवायची नाही. दहा-बारा दिवसांनी शेवंताबाई दुकानासमोर उभ्या राहिल्या आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "हिच्याकडच्या सुट्ट्या पैशानं माझं लेकरू नेलं. मसणातला पैसा घरात घातला हिनं." आत्या बरण्या पुसत राहिली... महिनाभरात गिऱ्हाईक तुटलं. कंडक्टरही दुसरीकडून सुट्टे घेऊ लागले. माझे वडील तिला समजवायला गेले तेव्हा मी सोबत होते.

"आक्का, सोड हे," वडील म्हणाले.

"मग तो कुठं जाईल?"

"तुला काय करायचंय?"

"चहा पी अन् जा तू," आत्या म्हणाली.

पुढे गावात सगळ्यांच्या हातात फोन आले, भाजीवालीसुद्धा पैसे फोनवर घेऊ लागली. तिरडीवरची चिल्लर मात्र तेवढीच राहिली. ती मारोतीकडून आत्याकडे यायची आणि आत्याकडून कुठंच जायची नाही. तेलाचे रिकामे डबे भरत गेले. बाहेरगावी नोकरीला असलेला सुनील महिन्याला पैसे पाठवायचा, त्यातल्या नोटा मारोतीला जायच्या. एकदा मी तिच्यासोबत एक पिशवी घेऊन बँकेत गेले. दुपारपर्यंत बसलो. ती पिशवीवर हात ठेवून बसली होती, जसं कुणाचं मूल सांभाळायला घेतलंय. शेवटी पुढच्या महिन्यात या म्हणाले. रिक्षात ती एवढंच बोलली, "न्हाई म्हणत न्हाईत गं ते. पण घेतबी न्हाईत." हे तिनं मारोतीला कधी कळू दिलं नाही.

ती गेल्यावर तिच्या उशाखाली रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. कधीचं रिकामं होतं कोण जाणे. फोनवर ती सुनीलला रोज गोळी घेते म्हणून सांगायची. औषधाच्या दुकानात मी विचारलं. तिथला माणूस वाईट नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "आजी चिल्लर घेऊन आल्या होत्या. मी म्हणलं, नोटा आणा. मग आल्याच न्हाईत..." सुनील हे ऐकून दुकानाच्या पायरीवर बसला. दिवसकार्य झाल्यावर त्यानं सगळे डबे गाडीत घालून नांदेडला नेले, तिथल्या एका चिल्लरवाल्यानं आपला वाटा कापून जे दिलं ते घेतलं, आणि दुकान विकायला काढलं. त्याला मी दोष देत नाही. पण मारोतीला काही द्यावं हे त्याच्या मनात आलं नाही, आणि मारोतीनंही मागितलं नाही. आत्याचं सरण त्यानंच रचलं होतं.

गेल्या रविवारी मी उरलेली भांडी आणायला अहमदपूरला गेले. शटर उघडल्याचा आवाज ऐकून मारोती आला. हातात काही नव्हतं. मी विचारलं, "आता नाण्यांचं काय करता?"

"उचलत न्हाई आता. बायकोला म्हणलं, राहू दे."

एवढं बोलून तो सवयीनं आत आला आणि मागच्या भिंतीला टेकून बसला. मी चहा ठेवला. चहा पिऊन तो उठला तेव्हा त्याच्या मागची भिंत दिसली. चुन्यावर पाठीएवढा काळपट, तेलकट डाग होता, वर्षानुवर्षं टेकून पडलेला. त्या गावात दुसऱ्या कुणाच्या घरातल्या भिंतीला त्याची पाठ कधी लागली असेल, असं मला वाटत नाही.