मॅडमनी लिहिलेला माझा अहवाल

परदेशात जाऊन डॉक्टरेट करणार, असं मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी घरात जाहीर केलं आणि तासाभरात मला नाव पडलं. "डॉक्टर, आधी तो सिलिंडर आत घ्या," ताई म्हणाली. आईने मात्र मनापासून विचारलं, "म्हणजे तुला इंजेक्शन देता येईल ना रे?" मी पाण्यावर संशोधन करणार आहे, हे कळल्यावर तिचा चेहरा पडला. शेजारणीला सांगायला तिने भरभर पायात चपला घातल्या होत्या, त्या तिने काढून ठेवल्या.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. विहिरींचं, टाक्यांचं, नळांचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं आणि आम्ही छापील फॉर्मवर त्याचा अहवाल लिहितो. रंग, वास, गढूळपणा, अशुद्धी, निष्कर्ष. सगळ्यात खाली 'राखीव भाग' असा रकाना असतो, कारण प्रत्येक नमुन्यातलं अर्धं पाणी आम्ही फ्रिजमध्ये जपून ठेवतो. उद्या कुणी वाद घातलाच तर पुन्हा तपासता यावं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम. एकोणतीस वर्षं त्याच खुर्चीत, त्याच खिडकीशी. त्यांच्याकडे जगातल्या कुठल्याही विधानावर एकच प्रश्न होता, "मोजलंस का?" आज फार उकडतंय असं म्हटलं तर त्या मान वर न करता भिंतीवरच्या तापमापकाकडे पेन दाखवायच्या. मी एकदा त्यांना म्हणालो की मी रोज बारा तास काम करतो. त्यांनी हजेरीचं रजिस्टर मागवलं. त्यानंतर आठवडाभर मी तोंड लपवून फिरत होतो.

मी आठ विद्यापीठांना अर्ज करायचं ठरवलं. अर्जाबरोबर एक निवेदन लागतं, हे संशोधन आपल्याला का करायचंय ते सांगणारं. 'लहानपणापासूनच मला पाण्याचं विलक्षण आकर्षण होतं,' अशी मी झोकात सुरुवात केली. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, आंघोळीला तुला पलंगाखालून ओढून काढावं लागायचं." मी ते वाक्य तसंच ठेवलं. त्यातच पुढे एक वाक्य ठोकून दिलं, की पाच वर्षांत माझ्या हातून एकही अहवाल चुकीचा गेला नाही. खरं तर चाळीस गेले होते. पण ते मीच परत आणले होते, म्हणजे गेलेच नाहीत, अशी मी माझी समजूत घातली.

शिफारसपत्रं तीन हवी होती. कॉलेजातले दोन्ही सर एकच बोलले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आमच्याकडे हीच पद्धत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी हात सैल सोडून लिहिलं. पहिल्या पत्रात सरांनी दहा वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नव्हता, दुसऱ्यात वीस. माझ्या नम्रतेला तोड नाही, हे मी दोन्हीकडे लिहिलं. एका सरांनी फोनवर बोलता बोलता सही केली, दुसऱ्यांनी निदान माझं नाव विचारलं.

तिसरं पत्र मॅडमचं. त्याचाही मसुदा मी तयार नेला. त्यांनी लाल पेन उघडलं.

"'असामान्य बुद्धिमत्ता'. मोजलीस?"

"मॅडम, असंच लिहायची पद्धत असते."

"नमुना स्वतःचा अहवाल लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "जा, बाटल्या विसळ."

दार लावून, दोन बोटांनी टाइप करत त्यांनी काय पाठवलं ते मला कळलं नाही. मी बाहेर बाटल्या विसळत होतो.

मग नकार यायला लागले. या वर्षी अर्ज फारच उत्तम आले होते, असं सगळ्यांनीच लिहिलं होतं. त्या उत्तमांत मी नाही, हे सांगायची त्यांची तऱ्हा इतकी गोड होती की चौथं पत्र ऐकून आई म्हणाली, "अरे, मग घेतलंय ना तुला?" सात नकार झाले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. आठव्याने मुलाखतीला बोलावलं.

मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर. कुकर लावायचा नाही अशी आईला ताकीद होती आणि ताई दाराशी पहाऱ्याला. पडद्यावर तीन प्राध्यापक. त्यातल्या पिकल्या केसांच्या बाईंनी एक कागद उचलला.

"पाच वर्षांत एकही अहवाल चुकला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या वरिष्ठांनी इथे चाळीस लिहिलेत. खरं कोणाचं?"

मॅडमनी माझं जगातलं एकमेव पाप नेमकं इथे उघड केलं होतं. आधी थाप मारावी असंच वाटलं, आणि ती जवळजवळ जिभेवर आलीही होती. पण मॅडमच्या आकड्याला खोटं म्हणायची हिंमत पाच वर्षांत मला कधी झाली नव्हती.

"मॅडमचं खरं," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. नमुने उबेत ठेवतात त्या उष्णपेटीचं दार माझ्याकडून नीट लागलं नाही, म्हणून जंतू वाढलेच नाहीत आणि चाळीस घरांचं पाणी शुद्ध ठरलं. सांगताना कपाळावरचा घाम पडद्यावर दिसत होता. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि आभार मानले.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"मॅडमनी वाट लावली माझी."

पुढचे तीन आठवडे मी मॅडमशी कामापुरतंच बोललो. माझ्या मते हा कडक निषेध होता. त्यांना तो जाणवल्याचं काही दिसलं नाही; उलट हल्ली कामात लक्ष आहे तुझं, असं त्या एकदा म्हणाल्या. मग एका सोमवारी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. मी निषेध विसरून धावत त्यांच्या टेबलाशी गेलो.

"लेखी आहे?" त्यांनी विचारलं, आणि पत्र दोनदा वाचून परत दिलं.

शेवटच्या दिवशी माझ्याकडे एकच काम होतं, पाठवलेल्या अहवालांची फाईल लावायची. मॅडम बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवतात. वर्षभराचे अहवाल तारखेने लावत असताना मधेच एक फॉर्म निघाला. नमुना क्रमांकाच्या जागी माझं नाव होतं. जगातल्या मोठ्या विद्यापीठांना या बाईंनी आमचा पाणी तपासणीचा फॉर्म भरून पाठवला होता.

'रंग, वास: लागू नाही.

गढूळपणा: बोलताना आढळतो. कामात नाही.

अशुद्धी: एक. चाळीस अहवाल चुकले. ही चूक कोणाच्याही लक्षात आली नसती. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितले. चाळीसही घरी पायी जाऊन पाणी पुन्हा आणले. तीन ठिकाणी दूषित निघाले, त्यांपैकी एक शाळेची टाकी.

निष्कर्ष: विश्वास ठेवण्यास योग्य.

राखीव भाग: काही नाही. नमुना एकच होता.'

ती शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. माझी मलाच लाज वाटली आणि रडूही आलं. डोळे पुसायला हाताशी प्रयोगशाळेचा गाळणकागद होता, तोच वापरला.

"लावून झाली का फाईल?" मॅडमनी पलीकडून विचारलं.

"झाली, मॅडम."

"आवाज का असा येतोय?"

"जरा सर्दी झालीय."

मग त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"ताप मोजलास का?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज तसाच येत होता.