पेटीपुढचा नारळ

माझी बायको तिला सवत म्हणायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, पेटी म्हणायचे. मी सर्व्हर म्हणायचो, आणि पाहुण्यांपुढे म्हणताना छाती जरा फुगायची, हे कबूल करतो.

सुप्याच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. घर भिंगारला. एका ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर मी घरी आणला, त्यात जास्तीची रॅम आणि दोन नव्या डिस्क घातल्या आणि हॉलच्या कोपऱ्यात एका बुटक्या स्टुलावर त्याची स्थापना केली. मग कितीतरी सुट्ट्या भिंतीला भोकं पाडण्यात आणि घरभर केबल ओढण्यात गेल्या. बायको म्हणाली, "अहो, मोरीतला नळ वर्षभर गळतोय आणि तुम्ही इंटरनेटची पाइपलाइन गच्चीपर्यंत नेलीत!" यात खोटं काही नव्हतं.

त्या एका मशीनच्या पोटात मी चार मशीन चालवायचो. खरी नव्हेत, सॉफ्टवेअरने उभी केलेली. एक जाहिराती अडवायचं, एक फोटो सांभाळायचं, एक टीव्हीला सिनेमे पुरवायचं आणि चौथं माझ्या प्रयोगांसाठी, म्हणजे बिघडवायला. आप्पांना समजावं म्हणून मी म्हणालो, "एका घरात चार चुली समजा." आप्पांचा सगळा जन्म जामखेडकडच्या कोरडवाहू रानात गेलेला. ते म्हणाले, "एका घरात चार चुली म्हंजी भांडनं. आन् घरच पडलं तर रं?" मी हसलो.

तोवर हा सगळा हौसेचा मामला होता. तो हौसेपलीकडे गेला ताईच्या लग्नाच्या कॅसेटमुळे. आई गेली तेव्हा तिचे फोटो आमच्याकडे होते, आवाज कुठेच नव्हता. ट्रंकेत तळाशी ही व्हिडिओ कॅसेट सापडली, बुरशी धरलेली. ओळखीतून एक जुना व्हीसीआर मिळवला, टेपवरची बुरशी हलक्या हाताने पुसली आणि तिसऱ्या खेपेला सगळं लग्न कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. उतरलं आणि टेप आतच गुंतून फाटली. पण काम झालं होतं.

त्यात पंगतीचा एक प्रसंग आहे. आई बुंदीची पाटी घेऊन वाढते आहे. कॅमेरा तिच्याकडे वळतो, तशी ती पदर सावरून शूटिंगवाल्याला म्हणते, "माझं काय काढतुयास? नवरीचं काढ की!" आणि हसते. बस, एवढंच. पण आप्पा पहिल्यांदा ते बघताना खुर्चीतून उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. त्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की रिमोट त्यांच्या हातात. आईचं ते ऐकायचं, कप ठेवायचा आणि मग देवळाकडे जायचं.

एकदा त्यांनी विचारलं, "हे आनिक कुठं हाय का?"

"दोन डिस्क आहेत आप्पा. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. एक गेली तरी दुसरी आहे."

"दोनी ह्याच पेटीत?"

"हो."

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांचं 'बरं' म्हणजे न पटणं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी मशीन धुऊनपुसून हळदकुंकू लावतात, हार घालतात, पुढे नारळ फोडतात. त्याआधी मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालायचं, हा नियम मी स्वतः पोरांना ओरडून ओरडून शिकवलाय. घरी आल्यावर वाटलं, आपल्या पेटीनं काय घोडं मारलंय? बाजूचं झाकण काढून ब्रशने धूळ झाडली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. बंद मात्र केली नाही. कारण इन्व्हर्टरच्या जिवावर दोनशेच्या वर दिवस ती एकदाही बंद पडली नव्हती आणि तो आकडा मला मोडायचा नव्हता. दुसरं काही नाही, निव्वळ मिजास.

वरवंट्याने नारळ हाणला. पाणी उडालं ते सरळ उघड्या बाजूने आत. फट् आवाज झाला, जळका वास आला आणि पंखा थांबला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. सवतीचं काय झालं म्हणून ती चेष्टा करेल असं वाटलं, पण माझं तोंड बघून तिने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं.

पॉवर सप्लायने जाता जाता दोन्ही डिस्कचे बोर्ड नेले, म्हणजे दोन्ही प्रती एकदम गेल्या. नगरातला दुरुस्तीवाला म्हणाला, पुण्याला पाठवून बघा, पण मी शब्द देत नाही. दुपारी चहानंतर आप्पांनी रिमोट दाबला. टीव्हीवर काहीच येईना. मी म्हणालो, "अपडेट चालू आहे." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिमोट उचललाच नाही, नुसता कप घेऊन टीव्हीकडे बघत बसले. मला ते सोसवेना. समोर बसून सगळं सांगून टाकलं. नारळ, पाणी, न पाडलेला स्विच, सगळं. "आईचा आवाज मी घालवला, आप्पा," म्हणालो आणि मला रडू आलं.

आप्पांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "खर्ड्याला फोन लाव."

खर्ड्याला ताई दिलेली आहे. झालेलं सांगताच फोनवर ती म्हणाली, "आरं, हाय की माझ्याकडं! ज्वारीच्या कोठीत."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "उन्हाळ्यात वन्सं आल्या होत्या ना, तेव्हा मामंजींनी माझ्याकडून पेन ड्राइव्हवर भरून घेतलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तासभर भाषण दिलं असतं. आणि डिस्कही गेल्या, हे तुम्ही मला तरी कुठे सांगितलंत?" हेही खोटं नव्हतं.

आप्पा म्हणाले, "बी कधी एका घरात ठिवत न्हाईत. निम्मं आपल्या कोठीत, निम्मं भावाच्या. एका साली आपलं समदं किड्यांनी खाल्लं, तवा पेरलं ते चुलत्याकडचंच बी."

रविवारी मोटरसायकल काढून खर्ड्याला गेलो. ताईने बियाण्याच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यातून एक फडक्याची पुरचुंडी निघाली, तिच्यात तो पेन ड्राइव्ह. जेवल्याशिवाय तिने सोडलं नाही.

घरी पोचलो तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. आप्पांनी चहा घेतला नव्हता. पेन ड्राइव्ह सरळ टीव्हीच्या पाठीत खोचला. ना सर्व्हर, ना केबल. पंगत आली, बुंदीची पाटी आली. "माझं काय काढतुयास? नवरीचं काढ की!" आई हसली. बायकोने डोळे पुसले आणि चहा टाकायला गेली. मी म्हणालो, "आप्पा, आता हा तुमच्याजवळच ठेवा."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून काहीच शिकलो नाही. "नवी पेटी करशीलच, तिच्यात एक उतरून घे," ते म्हणाले. मग ते फडकं मागून घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. "आन् ह्यो भाऊबीजंला जाशील तवा परत कोठीत ठिवून ये."