छतातली भुजली

माळ्यावर खोली करायची हे बाबांनी ठरवलं ते माझ्या नर्सिंगच्या परीक्षेसाठी. आमगावजवळच्या आमच्या गावात घर दोन खोल्यांचं. एकीत टीव्ही, दुसरीत चूल आणि आईकडे येणाऱ्या बाया. पुस्तक उघडलं की कोणीतरी "का वाचून राहिली वं?" म्हणत शेजारी बसकण मारायचं. वर माळा होता, पण त्यावर टिनाचं छत. एप्रिलच्या दुपारी तिथं पापडही वाळायचा आणि माणूसही.

पैसे बेताचेच. गोंदियाच्या दुकानदारानं टिनाखाली लावायच्या थर्माकोलचा भाव सांगितला तसे बाबा "सोचके बताते" म्हणून बाहेर पडले. बसमध्ये बसल्यावर मला म्हणाले, "आपल्या घरी तणस का कमी हाये?"

तणस म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा. टिनाखाली बांबूच्या चटया बांधायच्या आणि मधल्या पोकळीत तणस ठासून भरायचं, असा त्यांचा बेत. आई म्हणाली, "दाणे राहतीन त्यात." बाबा भडकले.

"माह्या तणसात दाणा? एक काढून दाखव!"

त्यांच्या हातच्या झोडणीचं गावात नाव होतं, आणि ते त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

महिनाभर आम्ही दोघं खपलो. मी चटई डोक्यावर तोलून धरायची, ते तारेनं बांधायचे. तणस मानेतून पाठीत उतरायचं आणि रात्रभर अंग खाजायचं. टिनावर बाहेरून चुन्याचे दोन हात दिले, खिळ्यांच्या भोकांवर डांबर लावलं. आईनं युरियाच्या रिकाम्या चुंगड्या, म्हणजे गोण्या, उसवून मशीनवर एकमेकींना जोडल्या, त्या चटयांखाली ताणून बसवल्या आणि वरून चुना फासला. जुन्या दाराच्या फळीचं टेबल झालं. काम संपलं त्या दुपारी बाबा दुपट्टा उशाला घेऊन तिथंच आडवे झाले आणि घोरू लागले. उठल्यावर म्हणाले, "झोप लागली म्हणजे गार हाये."

त्यानंतर रोज चार वाजता ते चहाचा कप घेऊन शिडी चढायचे. वर येऊन छताकडे बघायचे आणि विचारायचे, "गार लागते ना?"

"लागते, बाबा." खरं तर थोडं उकडायचं. पण त्यांचा चेहरा बघून मला खरंच गार वाटायचं.

श्रावणात झड लागली. चार दिवस पाऊस थांबेना. खिळ्याचं एक भोक आमच्या नजरेतून सुटलं होतं, नेमकं टेबलाच्या वर. सहा महिने लिहिलेल्या वह्या भिजून फुगल्या. बाबा धावत वर आले, तर मी तोंडाला येईल ते बोलले. "लोकं थर्माकोल लावतात, तुम्ही गुरांचं खाणं लावलं!" त्यांनी दुपट्ट्यानं एकेक पान टिपलं आणि ते खाली उतरले. दुसऱ्या दिवशी चार वाजता आईनं खालून हाक मारली, "चहा घेऊन जा वं." बाबांनी वर येणं सोडलं होतं.

आठवड्यानं चुंगड्यांच्या शिवणीतून पिवळेधमक कोंब बाहेर आले. छतात धान उगवलं होतं. आई हसून हसून बेजार. "रोवणीले बाया सांगू का?" असं तिनं बाबांना विचारलं. ते हसले नाहीत. खुरपं उचलून शेतात, धानाच्या बांधीकडे निघून गेले. तेव्हा मला कळलं की माझं बोलणं त्यांना लागलं होतंच, पण हे दाणे त्याहून जास्त लागले. माझाच मला राग आला. पण सॉरी म्हणायची आमच्या घरात कोणाला सवय?

राखीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भुजली असते. घरोघरी अंधारात टोपलीत गहू उगवतात, त्याचे पिवळे कोंब तळ्यावर धुऊन एकमेकांच्या कानावर खोचतात. लहानानं द्यायची, मोठ्याच्या पाया पडायचं. वर्षभराचा अबोला असला तरी त्या दिवशी सुटतो. आईची टोपली तयार होती. मी मात्र माळ्यावर जाऊन छतातली मूठभर उपटली, अंगणात बसलेल्या बाबांच्या कानावर खोचली आणि पाया पडले.

त्यांनी ती काढून निरखली. "गव्हाची नाही हे."

"तुमच्या तणसातली हाये."

त्यांनी ती परत कानावर खोचली. मग म्हणाले, "राह्यले असतीन चार दाणे." आणि स्वतःच हसत सुटले. चार वाजता शिडी वाजली.

परीक्षा पास झाले. आता मी नागपूरला असते, दवाखान्यात ड्यूटी, घरात एसी. भुजलीला सुट्टी नसते. मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा माळ्यावर चढले. बाबांनी सगळ्या खिळ्यांवर नवं डांबर लावलेलं, फक्त टेबलावरचं तेवढं भोक उघडं. खाली थेंब झेलायला रंगाचा रिकामा डबा. शिवणीतून वाळके कोंब लोंबत होते. हात घातला तर नव्या तणसाची पेंढी हाती आली. तिला दाणे तसेच होते, ती झोडलेलीच नव्हती.

"बाबा, हे भोक काऊन ठेवलं?"

ते चहाचा कप टेबलावर ठेवत होते. "राहू दे वं. तुले सुट्टी भेटत नाही. मंग भुजलीले मीच तोडतो न् मीच कानाले लावून घेतो."

यंदा राखीच्या दुसऱ्या दिवसाची रजा मी उन्हाळ्यातच मागून ठेवली आहे.