फणसाच्या अलीकडे आणि पलीकडे

"भावोजी, लेकीचं काय हरवलंय काय? सकाळपासनं घराभोवती फिरतेय."

शेजारच्या काकू दगडी गडग्यापलीकडून बाबांना विचारत होत्या. मी मागच्या पडवीत होते, हातात मोबाइल.

"रेंज शोधतेय," बाबा म्हणाले.

"मग हातात नारळ द्या. रेंज नाय तर पाणी तरी लागेल."

दोघंही हसली. काकू आत जाईपर्यंत मी पडवीतच थांबले.

ऑफिसने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. घरून काम करायचं तर दिवसभर नेट टिकलं पाहिजे, नाहीतर पुण्याला हजर व्हायचं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पुण्याचा विषय बाबा काढत नव्हते, मीही नाही.

पाली गावापर्यंत आलेली इंटरनेटची केबल आमच्या एका घरासाठी वाडीत ओढणार नाही, असं केबलवाल्याने आधीच सांगितलं होतं. राहिली मोबाइलची रेंज. ती मोजणारं ॲप मी घेतलं होतं. त्यातले आकडे सगळे उणे. शून्याच्या जितके जवळ, तितके चांगले. मी आकडा इंग्रजीत सांगायचे आणि बाबा तो खडूने भिंतीवर मराठीत लिहायचे. माजघरात उणे एकशे अठरा. देवघरात एकशे सोळा. न्हाणीत ॲपने काहीच दाखवलं नाही, म्हणून तिथे बाबांनी शून्य लिहिलं. शून्य म्हणजे सगळ्यात चांगली रेंज, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सिम घालायचा राउटर आणला. तो खिडकीत ठेवून झाला, माळ्यावर ठेवून झाला. जांभ्याच्या जाड भिंतींना दोष देऊन झाला.

तिसऱ्या दिवशी बाबा बराच वेळ अंगणातल्या फणसाकडे बघत बसले. टॉवर त्याच दिशेला आहे.

"हाच आड येतोय," ते म्हणाले. "उद्या माणूस बोलावतो."

कापा फणस आहे तो. त्याचे गरे बाबा दरवर्षी निवडून मुंबईला आत्याकडे पाठवतात.

दुपारी ते आडवे झाल्यावर झाडाच्या अलीकडे उभी राहून मोजलं, मग पलीकडे जाऊन. एकशे चौदा. एकशे तेरा. पुन्हा मोजलं, तेच आलं. फणसाचा काही संबंध नव्हता. आड येत होता तो त्याच्या मागचा डोंगर.

हे सांगितलं असतं तर त्याच्यापुढचं वाक्यही मलाच बोलावं लागलं असतं. नाही सांगितलं तर आणखी एक दिवस मिळत होता. तो मी घेतला.

सकाळी माणूस करवत आणि दोर घेऊन आला. बाबांनी त्याला चहा दिला, आधी कुठली फांदी घ्यायची ते दाखवलं. कौलांवर पडू नये म्हणून दोर कुठे बांधायचा तेही सांगितलं. तो चढायला लागला. बाबा खाली उभे राहून वर बघत होते, एक हात खोडावर ठेवून.

"बाबा, त्याला खाली बोलवा," मी म्हणाले. "झाडाने काही होत नाही, मी मोजलंय. डोंगर आहे मधे. मी पुण्याला जाते."