टाकीतला पांगिरा

आमच्या मालमोटारीच्या पेट्रोलच्या टाकीत मी पांगिऱ्याच्या लाकडाचा एक तुकडा बसवला आणि ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही. त्या न सांगण्यापायी माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांवर चोरीचा आळ आला. तो खोटा कसा हे सांगू शकणारा घरात मी एकटाच होतो, आणि मी गप्प राहिलो. हे लिहितानाही माझा हात मागे सरतो आहे.

निपाणीला आमची तंबाखूची वखार होती. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते कारभार पाहत, आणि मी त्यांच्या हाताखाली नमुने व पत्रव्यवहार सांभाळी. लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळे, तेही मोजके. जुनी, उघड्या पाठीची ती मोटार पाव्हणे चालवीत. पाव्हणे म्हणजे हे बहिणीचे यजमान. मूळचे बेळगावपलीकडच्या गुंजीचे. तिकडची शेती भावकीच्या वादात अडकली म्हणून बहिणीला आणि मुलीला घेऊन ते आमच्याकडे राहायला आले होते. सासुरवाडीत राहणारा जावई किती जपून वावरतो, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. बहिणीने दोनदा हाक मारल्याशिवाय ते पाटावर बसत नसत, आणि वाढलेल्या ताटात कधी काही मागून घेत नसत.

त्या मोटारीत त्यांच्या शेजारी बसून केलेले प्रवास मला आजही पुरते जागेपणीचे वाटत नाहीत. पहाटे तवंदीचा घाट चढताना धुके रस्त्यावर उतरलेले असे. मागच्या पोत्यांतून तंबाखूचा उग्र, गोडसर वास पुढे येई आणि त्यात पेट्रोलचा वास मिसळे. संकेश्वर मागे पडेपर्यंत आम्ही दोघेही बोलत नसू. पेट्रोलची टाकी आमच्या समोरच, मोटारीच्या पुढच्या काचेखाली होती. टाकीत एक बूच तरंगे, त्याला तारेची दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला छोट्या काचेमागे काटा. पेट्रोल उतरले की बूच उतरे आणि काटाही उतरे. गाडी हलली की काटा किंचित डोले. त्याच्याकडे पाहता पाहता माझे डोळे मिटत, आणि वाटे की आपणही कशावर तरी तरंगत बेळगावकडे चाललो आहोत.

एके दिवशी तो काटा अर्ध्यावर थांबला आणि हलेना. टाकी भरली तरी अर्धा, आटली तरी अर्धा. पाव्हण्यांनी काचेवर टिचकी मारून पाहिली. मग टाकीत कारवीची काठी घालून, ती किती भिजते ते पाहून, काठीवर चाकूने खुणा केल्या.

"आतलं बूच फुगून भिंतीला अडकलंय," ते म्हणाले. "दुसरं बूच पायजे, आणि त्याला वरनं काय तरी लेप पायजे. लढाई संपल्याबिगार मिळायचं न्हाय."

"तवर काय करायचं?" मी विचारले.

"तवर ही काठी. काठी खोटं बोलत न्हाय, मेव्हणं."

पेट्रोल भरायच्या झाकणाखेरीज टाकी उघडायला अण्णांची सक्त मनाई होती. अंगणात चारी बाजूंना वाळलेली तंबाखू, एक ठिणगी पडली तर वखार जाईल, असे ते म्हणत, आणि ते बरोबरच होते. पण मला यंत्राची हौस होती, आणि हौसेपेक्षा मोठी होती ती आपण काही करून दाखवावे ही इच्छा. पाव्हणे शेतीच्या वादासाठी गुंजीला गेले होते आणि अण्णा संकेश्वरच्या बाजाराला, अशा एका दुपारी मी टाकी काट्याच्या बाजूने उघडली. बूच खरोखरच फुगून, चिरफाळून भिंतीला चिकटले होते.

आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला पांगिऱ्याचा ओंडका बांधतात. वाळला की तो पिसासारखा हलका होतो. मीही तसाच शिकलो होतो. त्या हिरव्या, थंड पाण्यावर आपल्याला कुणीतरी पाठीकडून अलगद उचलून धरले आहे, ही भावना माझ्या अंगात अजून आहे. मी पांगिऱ्याचा तुकडा तासून गुळगुळीत केला, पाणी शिरू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवला आणि घंगाळात टाकून पाहिला. कितीतरी वेळ तो पाण्यावर डुलत राहिला आणि मी भारल्यासारखा पाहत बसलो. जे पाण्यावर तरंगते ते पेट्रोलवरही तरंगेल, इतकाच माझा विचार होता. विहिरीच्या काठी वाढलेल्या माणसाला दुसरे सुचले नाही. मेण पेट्रोलमध्ये विरघळते हे मला ठाऊक नव्हते.

पाव्हणे परतले. गाडी सुरू करताना त्यांची नजर काट्यावर गेली.

"आँ? ह्यो कसा सुटला? मेव्हणं, तुमी काय केलं काय?"

"मी कशाला काय करू?" मी हसून म्हणालो. "आपसूक सुटला असंल."

ते थट्टेतच बोललो होतो. संध्याकाळी सांगून टाकू, असे मनात होते. पण संध्याकाळी अण्णा काट्याकडे पाहून खूश झाले आणि आता काठीची गरज नाही म्हणाले. मनाई मोडल्याचे त्या क्षणी सांगायला माझी जीभ वळली नाही. पुढे ते राहूनच गेले.

काही आठवड्यांनी काटा खाली येऊ लागला. गाडी अंगणात उभी असतानाही येऊ लागला. सांजेला पाऊणवर असलेला सकाळी अर्ध्याच्या खाली. मेण सुटले होते आणि आतले लाकूड हळूहळू पेट्रोल पिऊन जड होत होते, हे मी ओळखले. अण्णांना दिसत होता तो फक्त काटा. गाडीची किल्ली पाव्हण्यांकडे असे, आणि ते गाडीजवळच्या खोलीत झोपत.

एका सकाळी सोप्यावर न्याहारीची ताटे मांडलेली असताना अण्णा अंगणातूनच बोलले.

"पाव्हणं, पेट्रोलला पाय फुटल्यात का वो?"

पाव्हणे उठून उभे राहिले. "काटा पुन्हा बिघडलाय, अण्णा. काठी घालून बघू या."

"काठीवरच्या खुणा कुणी केल्या? तुमीच न्हवं?"

"व्हय."

"मग झालं की. आणि बिघडला तवा काटा हलत न्हवता. आता हलतोय. ज्ये हलतंय त्ये बिघडलेलं कसं?" आणि थोडे थांबून, "घरात खायाला-ल्यायाला कमी पडलं आसतं, तर तोंडानं मागायचं व्हतं."

बहीण चुलीपासून उठून उंबऱ्यात आली होती. पाव्हण्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. विचारल्यासारखे पाहिले. मी माझ्या ताटातल्या भाकरीकडे पाहू लागलो.

त्यांनी किल्ली तुळशीकट्ट्यावर ठेवली. ताटाला हात लावला नाही. दुपारपर्यंत बहिणीने गाठोडे बांधले, मुलीचा हात धरला आणि तिघे निघाले. अण्णा म्हणाले, "जाऊ दे, खरं झोंबतंय." मी त्यांना मोटारथांब्यापर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

यानंतर मी जे केले ते मला मूळ अपराधापेक्षा जड जाते. अण्णा नसताना मी टाकी पुन्हा उघडली. पांगिरा काळपट, ओला, दगडासारखा हाताला लागला. नमुन्याच्या पुड्यांवर मोहोर उठवायला आमच्याकडे लाख असे. ती वाटीभर पेट्रोलात टाकून पाहिली, विरघळली नाही. मग नवा तुकडा तासून त्यावर लाखेचा लेप दिला आणि तो बसवला. काटा आता रात्रभर जागचा हलत नसे. मला वाटले, निदान बिघाड तरी निस्तरला.

अण्णा सकाळी काच पुसून पाहत आणि आल्यागेल्याला दाखवत. "बघा. त्ये गेलं आणि गळती थांबली."

माझ्या दुरुस्तीने पाव्हण्यांची चोरी पक्की झाली, आणि मी ते ऐकत नमुन्यांच्या पुड्या बांधत राहिलो.

लढाई संपली. गुंजीच्या शेतीचा वाद मिटल्याचे कानावर आले. बहीण माहेराला येत नसे. मला अधूनमधून एकच स्वप्न पडे. धुक्याचा रस्ता, शेजारी पाव्हणे, समोर काटा, आणि काही विचारायला त्यांनी माझ्याकडे मान वळवलेली. ओठ हलत, आवाज येत नसे. मी जागा होई तेव्हा अंथरुणालाही पेट्रोलचा वास येतो आहे असे वाटे.

मग भाचीचे लग्न ठरले. मुलीच्या मागे मामाने उभे राहायचे असते. तिथे अण्णांनाही मान ताठ ठेवता आली नाही, आणि आम्ही दोघे आहेर घेऊन बेळगावहून आगगाडीने गुंजीला गेलो. स्टेशनावर पाव्हणे स्वतः घ्यायला आले होते. केस पिकले होते. त्यांनी अण्णांच्या हातातली पिशवी घेतली, पाय धुवायला पाणी दिले, सगळे रीतीप्रमाणे. हसले मात्र नाहीत. मांडवात अण्णांच्या जवळून जाताना ते दोन्ही रिकामे हात पुढे, सर्वांना दिसतील असे धरून चालत. ते माझ्या ध्यानात आले.

पंगत बसली होती. त्यांची भावकी, वराकडची माणसे, आणि माझ्या शेजारी अण्णा. पाव्हणे भात वाढत आमच्यापुढे आले, अण्णांच्या पानासमोर वाकले आणि खाली मान घालून विचारले, "वाढू का?" त्यांच्या स्वरात सासुरवाडीतला तोच संकोच होता, स्वतःच्या मांडवात, स्वतःच्या अन्नावर. मी पानावरून उठलो. अण्णांनी माझे धोतर ओढले. "आरं, पंगतीतनं उठतुयास काय? बस रं खाली!"

मी बसलो नाही. माझा आवाज मुळात बारीक, पण त्या दिवशी तो मांडवाच्या टोकापर्यंत गेला असे बहीण नंतर म्हणाली.

"पाव्हणं, टाकी मी उघडली व्हती. तुमी गुंजीला आलता तवा. पांगिऱ्याचं बूच मी घातलं, मेण लावून. त्ये पेट्रोल पिऊन बुडालं, म्हणून काटा उतरत व्हता. तुमी गेल्यावर लाख लावून दुसरं बी मीच घातलं, म्हणून काटा थांबला. पेट्रोल कुणी बी चोरलं न्हाय. अण्णा, ऐका, थेंबभर बी न्हाय. तुमी माझ्याकडं बघितलं, पाव्हणं, आणि मी खाली बघितलं. मला ठावं व्हतं आणि मी बोललो न्हाय. माझं चुकलं. मी तुमची माफी मागतो."