बिनपत्रिकेचं जेवण

आमच्या गल्लीत छापखान्याच्या मालकांना कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे छापीलकाका म्हणतात. तीस वर्षं लग्नपत्रिका छापून त्यांचं एक मत दगडासारखं घट्ट झालं होतं: दारात येऊन हातात पत्रिका दिली तर ते आमंत्रण, बाकी सगळी दवंडी. साडूच्या मुलीच्या लग्नाचा नुसता निरोप आला, तर हे घरचा डबा घेऊन लग्नाच्या हॉलसमोरूनच छापखान्यात गेले आणि शाईच्या वासात एकटे जेवले.

यंदा प्रकरण घरातलंच निघालं. धाकट्या भावानं मुलाच्या लग्नाची पत्रिका फोनवर पाठवली. सख्खा भाऊ छापखानेवाला, आणि पत्रिका छापलीच नाही.

"पाऊल टाकणार नाही," काका म्हणाले. आणि शब्दाला टाळं लागावं म्हणून काकूंना घेऊन थेट परदेशात लेकीकडे गेले. परतीचं तिकीट लग्नानंतरचं.

"एकच भाऊ आहे तुम्हाला," काकू विमानात म्हणाल्या.

"त्यालाही एकच आहे. त्याला कळायला नको?"

तिसऱ्या दिवशी लेक आणि जावई कामावर निघाले. लेक म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावर निळ्या दाराची खाणावळ आहे, दुपारी तिथं जेवून घ्या." आता कोपऱ्यावर निळी दारं होती दोन. काकांनी, अर्थातच, मोठं निवडलं.

आत लांबच लांब टेबलं, दीडशे माणसं, आणि कानाचे पडदे फाटतील असा बाजा. एका घामट माणसानं काकांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. त्याच्या तळव्याचा ओलावा बाहीवर उमटला. काकांनी रुमाल काढला, बाही पुसली आणि मग रुमालच खिशात ठेवावासा वाटेना.

"गिऱ्हाईक बरंच आहे," काकू म्हणाल्या.

"गिऱ्हाईक? गुरं आहेत."

समोरच्या गृहस्थानं रस्सा वाढायचा पळा तोंडात घातला, चाटून लख्ख केला आणि पुन्हा पातेल्यात बुडवला. शेजारच्या बाईनं बूट काढून सुजलेला पाय काकांच्या खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवला. पलीकडे एका म्हाताऱ्यानं दातांची कवळी काढून पाण्याच्या पेल्यात खंगाळली. तेच पाणी तो प्यायला. काकांनी आपला पेला दूर सारला.

पण भूक मोठी वाईट. सकाळपासून पोटात फक्त चहा. काकांनी कडेकडेनं, नाक आवळून, एक ताट संपवलं. कुणीतरी न विचारता पुन्हा वाढलं, तेही संपवलं. हे काकूंनीच आम्हाला सांगितलं. मीठमसाला त्यांचा, आम्ही फक्त फोडणी घातली.

मग काकांनी बिलासाठी पाकीट काढून हवेत हलवलं. अख्खं टेबल हसलं. तेवढ्यात पांढऱ्या झग्यातली एक मुलगी आली, तिनं काकांच्या गालावर ओठ टेकवले आणि ओठाला लागलेली केकची सगळी मलई तिथंच सोडून गेली. मागून नवरामुलगा आला, त्यानं दुसरा गाल माखला.

काका खांबासारखे ताठ झाले. "अगं," ते काकूंना हळूच म्हणाले, "हे लग्न आहे."

"मला मघाशीच कळलं. पण तुम्ही जेवत होतात."

जेवणाच्या सुट्टीत लेक खाणावळीत गेली, तिथं दोघं नाहीत म्हणून शोधत शोधत इथं आली. तो घामट माणूस नवरीचा बाप निघाला. लेक त्याच्याशी बोलून हसत हसत परतली.

"त्याला विचार," काका म्हणाले, "आम्ही कोण, कुणाकडचे, हे एकानंही का विचारलं नाही?"

"विचारलं बाबा. तो म्हणतो, दारातून आत आले म्हणजे आपलेच."

काकांना पळ्यापेक्षाही याचीच जास्त किळस आली. "म्हणजे कुत्रंमांजर आलं तरी वाढतील!"

घरी येऊन त्यांनी साबणानं तीनदा तोंड धुतलं, मग बराच वेळ गुळण्या केल्या. काकू न्हाणीघराच्या दारात हाताची घडी घालून उभ्या.

"घशातून खाली गेलं ते गुळणीनं निघत नाही. उष्ट्या पळ्याचं, परक्याचं, बिनपत्रिकेचं जेवलात. दोनदा. आता सख्ख्या पुतण्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?"

काकांनी तोंड पुसलं. त्यांनी लेकीला तिकीट बदलायला सांगितलं आणि भावाला फोन लावला.

"येतोय मी."

पलीकडून नुसतं, "दादा..."

"रडू नकोस, ऐक. वाढणाऱ्यांची नखं मी स्वतः तपासणार. पळे मी मोजणार. आणि हॉलच्या दारात मीच उभा राहणार. कुणाकडून आलात, कुणी बोलावलं, हे विचारल्याशिवाय एकालाही आत सोडणार नाही."

"विचार दादा, सगळ्यांना विचार. तू फक्त लवकर ये."

काकूंनी तोवर पलंगाखालून बॅग ओढली होती.